लहरींवरचा ठावठिकाणा: एपीआरएस आणि त्याची आयगेट केंद्रे

एपीआरएस ही हौशी रेडिओचालकांची, म्हणजेच हॅम मंडळींची, स्वतःचे ठिकाण आणि आसपासची खबर रेडिओवरून एकमेकांना कळवण्याची पद्धत आहे. तिचे पूर्ण नाव ‘ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम’. गाडीत, पाठपिशवीत किंवा गच्चीवर ठेवलेला छोटा रेडिओसंच जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतो, त्याचे एक लहान पॅकेट तयार करतो आणि सेकंदभरात ते हवेत सोडतो. टप्प्यात असलेल्या कुठल्याही हॅमला ते ऐकता येते. उंचावरची केंद्रे ते ऐकून पुन्हा प्रक्षेपित करतात. त्यांपैकी एखादे केंद्र इंटरनेटला जोडलेले असले, तर तेच पॅकेट काही क्षणांत जगाच्या नकाशावर उमटते. रेडिओ आणि इंटरनेट यांच्या वेशीवरच्या या केंद्राला ‘आयगेट’ म्हणतात.

हातोहाती मोबाइल असताना या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. मोबाइलचे ठिकाण कंपनीच्या मनोऱ्यांवाचून कोणाला कळत नाही, आणि घाटात, समुद्रात किंवा भूकंपानंतरच्या गावात मनोरा असेलच याची हमी नसते. एपीआरएसमध्ये दोन संच आणि दोन ॲन्टेना एवढ्यावर काम सुरू होते. इंटरनेट मिळाले तर व्याप वाढतो, गेले तर स्थानिक जाळे तसेच चालू राहते. या दोन जगांची सांगड कशी घालायची आणि एकाचा भार दुसऱ्यावर कसा पडू द्यायचा नाही, याचे उत्तर आयगेटच्या नियमांत सापडते.

घोड्यांच्या शर्यतीपासून नकाशापर्यंत

या पद्धतीचे जनक बॉब ब्रुनिंगा. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या ॲनापोलिस येथील नौदल अकादमीत ते अभियंता होते. १९८२ साली त्यांनी ॲपल-२ या संगणकावर नौदलाकडून उच्च वारंवारतेच्या रेडिओने येणारी ठिकाणे नकाशावर मांडणारा प्रोग्रॅम लिहिला. १९८४ मध्ये कमोडोर व्हिक-२० या घरगुती संगणकावर त्याची पुढची आवृत्ती झाली. शंभर मैलांच्या अश्वशर्यतीत कोणता घोडा कुठे पोचला आणि त्याची स्थिती काय आहे, हे कळवण्यासाठी ती वापरली गेली. आणीबाणीच्या सरावांतून तिला आकार येत गेला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिला आजचे रूप मिळाले.

आधी या नावात ‘पॅकेट’च्या जागी ‘पोझिशन’ हा शब्द होता. पुढे तो बदलला, कारण ठिकाण हा या माहितीचा फक्त एक भाग होता. हवामान, छोटे निरोप, सूचना, पाणपोई किंवा प्रथमोपचार केंद्राची जागा, आवाज पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या जवळच्या रिपीटरची वारंवारता हे सगळे याच पॅकेटांतून जाते. आपल्या परिसरात आत्ता काय चालले आहे हे प्रत्येकाला एका नजरेत कळावे, हा ब्रुनिंगा यांचा मूळ हेतू होता. ही पद्धत केवळ गाड्यांचा माग काढण्यासाठी नाही, असे ते शेवटपर्यंत आग्रहाने सांगत राहिले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

जीपीएसने या पद्धतीला बळ दिले. अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि सुमारे शंभर मीटरची अनिश्चितता एकदम दहा-वीस मीटरवर आली. त्याच वर्षी एपीआरएसच्या नियमावलीची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली. रेडिओ बनवणाऱ्या कंपन्या तोवर ही सोय संचातच देऊ लागल्या होत्या.

एका पॅकेटाच्या पोटात

एपीआरएसचे पॅकेट एएक्स.२५ नावाच्या पद्धतीने बांधलेले असते. ही पद्धत हॅम मंडळींनी १९८०च्या दशकात संगणकांच्या जाळ्यांचे नियम रेडिओला लागू करून तयार केली. मूळ पद्धतीत दोन केंद्रे आधी एकमेकांशी जोडणी करतात आणि प्रत्येक तुकड्याची पोच देतात. एपीआरएसने ही जोडणी टाळली. पाठवणारा एकदा बोलतो, ऐकू येईल तो ऐकतो. नावाने पाठवलेला निरोप सोडला तर पोच मागितली जात नाही, त्यामुळे एकाच प्रक्षेपणात दहा जणांना किंवा शंभर जणांना तीच माहिती मिळते. एखादे पॅकेट हुकले तरी थोड्या वेळाने पुढचे येणारच असते.

समजा, पुण्यात शनिवारवाड्यासमोर उभ्या असलेल्या गाडीतून पॅकेट निघाले. त्यात सुरुवातीला कॉल साइन येते, म्हणजे सरकारने त्या हॅमला दिलेले ओळखचिन्ह. तिच्यापुढे एक लहान आकडा जोडलेला असतो. ९ म्हणजे गाडी, ७ म्हणजे हातातला संच, ८ म्हणजे बोट, ११ म्हणजे फुगा, १३ म्हणजे हवामान केंद्र, अशी प्रथा आहे. त्यामुळे एकाच माणसाचे चार संच नकाशावर वेगवेगळे दिसतात. मग पॅकेट किती टप्पे पुढे न्यावे याची सूचना येते. शेवटी मुख्य मजकूर: ‘१८३१.१७ उत्तर, ०७३५१.३२ पूर्व’. याचा अर्थ १८ अंश ३१.१७ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ५१.३२ मिनिटे पूर्व रेखांश. मिनिटाचा शंभरावा भाग जमिनीवर उत्तर-दक्षिण दिशेने साधारण साडेअठरा मीटर भरतो, म्हणजे वाड्याचा दिल्ली दरवाजा आणि समोरचा रस्ता वेगळे ओळखू येण्याइतका. अक्षांश आणि रेखांश यांच्यामध्ये आणि अखेरीस एकेक चिन्ह असते. ती जोडी पाहून नकाशावर गाडी काढायची, घर काढायचे की फुगा, हे ठरते. त्यापुढे दिशा, वेग, उंची आणि हवा असेल तर छोटा शेरा.

हा मजकूर आवाजाच्या रूपात जातो. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर आलटून पालटून वाजतात. सूर बदलला तर शून्य, तोच राहिला तर एक. कानाला ते जुन्या डायल-अप मोडेमसारखे खरखरते. वेग सेकंदाला १२०० बिट, आजच्या मानाने अगदी कमी, पण साध्या एफएम संचातून ते बिनघोर जाते. पॅकेटाच्या शेवटी पडताळणीचा १६ बिटांचा आकडा असतो. ऐकणाऱ्याचे गणित त्या आकड्याशी जुळले नाही तर पॅकेट टाकून दिले जाते. चुकीचे ठिकाण नकाशावर येण्यापेक्षा ते न आलेले बरे, हा त्यामागचा विचार.

उंचावरचे डिजिपीटर

एपीआरएससाठी मुख्यतः दोन मीटरचा पट्टा, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या पुढच्या वारंवारता वापरतात. उत्तर अमेरिकेत १४४.३९०, युरोपात १४४.८००, ऑस्ट्रेलियात १४५.१७५ मेगाहर्ट्झ अशी एकेक वारंवारता ठरलेली आहे. प्रवासी त्या भागात गेला की तीच लावतो आणि जाळ्यात सामील होतो.

या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. ॲन्टेना जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर सपाट प्रदेशात तिचे रेडिओ-क्षितिज पाच किलोमीटरच्या आसपास असते. सिंहगडाचा माथा पुण्याच्या पातळीहून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून हेच क्षितिज ११० किलोमीटरपलीकडे जाते. मध्ये दुसरा डोंगर आला की हिशेब बदलतो, आणि सह्याद्रीत मध्ये डोंगर येतोच. म्हणून उंचावर एक केंद्र ठेवतात. ते पॅकेट ऐकते, साठवते आणि क्षणात त्याच वारंवारतेवर पुन्हा बोलते. त्याला ‘डिजिपीटर’ म्हणतात. आवाजाच्या रिपीटरला ऐकायला एक आणि बोलायला दुसरी वारंवारता लागते, डिजिपीटरचे एकीवर भागते.

पॅकेटाने किती उड्या माराव्यात हे पाठवणाऱ्यानेच ठरवायचे असते. ‘वाइड-१-१, वाइड-२-१’ ही गाडीसाठीची नेहमीची सूचना दोन उड्यांची आहे. पहिला डिजिपीटर आपली कॉल साइन त्यात नोंदवतो आणि एक उडी कमी करतो, दुसरा उरलेली वापरतो, आणि तिथे प्रवास संपतो. प्रत्येक डिजिपीटर नुकतीच पाठवलेली पॅकेटे लक्षात ठेवतो आणि तेच पॅकेट फिरून आले तर गप्प राहतो. नाहीतर दोन डोंगरांवरची केंद्रे एकच पॅकेट एकमेकांकडे फेकत बसली असती.

उड्या जास्त मागितल्या की लांबपर्यंत पोचता येते, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात उलट होते. वारंवारता एकच आहे आणि एक पॅकेट सुरुवातीच्या सुरांसकट जवळपास एक सेकंद घेते. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त साठ पॅकेटे, तीही सगळ्यांनी शिस्तीत रांग लावली तर. शंभर गाड्यांनी दर मिनिटाला एकदा बोलायचे ठरवले आणि प्रत्येकाच्या दोन-दोन उड्या झाल्या, तर तीनशे सेकंदांचे बोलणे साठ सेकंदांत कोंबावे लागेल. पॅकेटे एकमेकांवर आदळतात आणि कोणाचेच धड ऐकू येत नाही.

यावर ‘स्मार्ट बीकनिंग’ हा उपाय निघाला. गाडी उभी असेल तर संच अर्ध्या तासाने बोलतो, महामार्गावर वेगात असेल तर मिनिट-दोन मिनिटांनी, आणि वळण घेतले की लगेच एकदा. त्यामुळे घाटातला वळणावळणाचा रस्ता नकाशावर नीट उमटतो आणि सरळ रस्त्यावर वारंवारता मोकळी राहते.

आयगेटचे काम

एवढे सगळे इंटरनेटशिवाय चालते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन हॅम स्टीव्ह डिमसे यांच्या पुढाकाराने ठिकठिकाणची ही जाळी इंटरनेटवरून एकत्र बांधली गेली. त्या व्यवस्थेला एपीआरएस-आयएस म्हणतात. रेडिओवरून तिच्यात जाण्याचे दार म्हणजे आयगेट.

आयगेट उभारायला फारसे काही लागत नाही. गच्चीवर ॲन्टेना, तिला जोडलेला एफएम संच, आवाजातून बिट वेगळे काढणारा मोडेम आणि इंटरनेटला जोडलेला संगणक. मोडेमचे काम पूर्वी वेगळी पेटी करायची, आता डायरवुल्फसारखे मोफत सॉफ्टवेअर करते. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि टीव्ही-रेडिओ ऐकण्यासाठी विकला जाणारा स्वस्त यूएसबी डोंगल यांवर केवळ ऐकणारा आयगेट चालू शकतो.

पॅकेट कानावर आले की आयगेट पडताळणीचा आकडा तपासतो. मग मजकुराला हात न लावता त्याच्या मार्गात दोन नोंदी जोडतो: एक खूण आणि स्वतःची कॉल साइन. ‘क्यूएआर’ ही खूण असेल तर पॅकेट दुतर्फा चालणाऱ्या आयगेटने रेडिओवर ऐकले, ‘क्यूएओ’ असेल तर फक्त ऐकणाऱ्या आयगेटने. या दोन नोंदींमुळे जगात कुठेही बसून सांगता येते, की गाडीचे पॅकेट अमुक डोंगरावरच्या डिजिपीटरने उचलले आणि तमुक घराच्या गच्चीवरून ते इंटरनेटवर चढले. हॅम मंडळींना नकाशावरच्या ठिपक्याइतकाच हा प्रवास मोलाचा वाटतो. कोणत्या खिंडीतून लहर निसटते आणि कोणत्या दरीत ती मरते, याची नोंद त्यातून आपोआप होत जाते.

एकच पॅकेट चार आयगेटांनी ऐकले तर चार प्रती सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्यांतली आधी आलेली ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात आलेल्या बाकीच्या गाळतो. म्हणूनच आयगेटने पॅकेट दाबून ठेवायचे नसते. काही जुन्या जोडण्यांमध्ये पॅकेटे साठून राहतात आणि मिनिटभराने बाहेर पडतात. तोपर्यंत गाळण्याची मुदत उलटलेली असते. शिळे ठिकाण ताजे म्हणून नोंदले जाते आणि नकाशावर पुढे गेलेली गाडी एकदम दोन किलोमीटर मागे उडी मारते. अशा वेड्यावाकड्या रेघा दिसल्या की अनुभवी माणूस जीपीएसला दोष न देता आधी आयगेट तपासतो.

दारातून आत काय घ्यायचे नाही, हेही ठरलेले आहे. पॅकेटाच्या मार्गात ‘नोगेट’ किंवा ‘आरएफओन्ली’ असे लिहिले असेल तर ते इंटरनेटवर जात नाही. पाठवणाऱ्याने माहिती रेडिओपुरतीच ठेवली आहे आणि आयगेटने ते पाळायचे. जे पॅकेट आधीच इंटरनेटवरून रेडिओवर उतरले आहे, तेही परत वर पाठवायचे नाही, नाहीतर चक्र कधी थांबणारच नाही.

सर्व्हर आणि नकाशे

आयगेट ज्या सर्व्हरला जोडतात ते जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेले आहेत. मधोमध काही मुख्य सर्व्हर एकमेकांना जोडलेले, त्यांच्याभोवती दुसऱ्या फळीचे सर्व्हर आणि त्यांना जोडलेले आयगेट व वापरणारे, अशी रचना असते. एका सर्व्हरवर आलेले पॅकेट थोड्याच वेळात सगळ्यांवर पोचते. वापरणाऱ्याला जगभरचा पूर्ण ओघ नको असेल तर चाळणी लावता येते. अमुक अक्षांश-रेखांशाच्या भोवती शंभर किलोमीटरमधलेच द्या, असे सांगितले की तेवढेच येते.

हे सर्व्हर काही साठवत नाहीत. माहिती येते आणि पुढे जाते. साठवण्याचे आणि नकाशावर दाखवण्याचे काम फाइंडयू किंवा एपीआरएस डॉट एफआय यांसारखी स्वतंत्र संकेतस्थळे करतात. पहिले डिमसे यांनी सुरू केले, दुसरे फिनलंडमधून चालते. त्यांवर गाडीचा माग, हवामानाचे आलेख आणि पॅकेटाचा मूळ मजकूर कोणालाही पाहता येतो. त्यासाठी परवाना लागत नाही.

पॅकेट सर्व्हरवर चढवायला मात्र ओळख द्यावी लागते. कॉल साइनवरून एका साध्या गणिताने काढलेला आकडा, पासकोड, सर्व्हरला सांगावा लागतो. हे गणित गुप्त नाही, त्यामुळे ती कडीकुलपाची सुरक्षा नव्हे. परवानाधारकानेच आपले नाव लावून बोलावे, हा संकेत त्यातून पाळला जातो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार देशादेशांतल्या हौशी केंद्रांना अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. एपीआरएस त्यामुळे उघडे आहे आणि विश्वासावर चालते.

निरोप खाली कसा उतरतो

रेडिओवरून इंटरनेटवर जाणारे बहुतेक सगळे वर चढते. उलट दिशेने मात्र फार थोडे उतरते. कारण वर वाट रुंद आहे आणि खाली १२०० बिटांची अरुंद पायवाट. एखाद्या मोठ्या देशातला पूर्ण ओघ एका गावच्या वारंवारतेवर ओतला तर स्थानिक माणसाला तोंड उघडायलाही जागा उरणार नाही. म्हणून आयगेट ठिकाणांचे अहवाल सहसा खाली उतरवतच नाही. तो उतरवतो ते मुख्यतः नावाने पाठवलेले निरोप.

समजा, नागपूरच्या हॅमने इंटरनेटवरून घाटात असलेल्या मित्राला निरोप पाठवला. आयगेट दोन गोष्टी पाहतो. ज्याला निरोप आहे तो गेल्या अर्ध्या-एक तासात आपल्याला रेडिओवर जवळून ऐकू आला का? आणि पाठवणारा स्वतःच या भागात रेडिओवर आहे का? पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असेल, तरच निरोप हवेत जातो. इंटरनेटवरून आल्याची खूण त्यावर असते. घाटातला संच पोच पाठवतो, ती त्याच दाराने वर चढते आणि नागपूरला पोचते. पोच आली नाही तर पाठवणारा संच थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

फक्त ऐकणारे आयगेट स्वस्त असले तरी त्यांची अडचण इथे दिसते. घाटातल्या माणसाचे पॅकेट अशाच एका आयगेटने ऐकले असेल, तर तो नकाशावर दिसत राहतो. त्याला निरोप पाठवला जातो, पण खाली उतरवायला कोणीच नसते. दूरवरून पाहणाऱ्याला वाटते, माणूस आहे पण उत्तर देत नाही. म्हणून ज्या भागात एकच आयगेट होणार आहे, तिथे तो दुतर्फा असावा, असा जाणकारांचा आग्रह असतो.

एका निरोपात ६७ अक्षरे मावतात. ही मर्यादा रोमन अक्षरे धरून ठरलेली आहे. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. त्यामुळे ६७ बाइटांत देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हे बसतात, आणि जुन्या संचांच्या पडद्यावर ती दिसतही नाहीत. मराठी हॅमला निरोप रोमन लिपीतच लिहावा लागतो.

पाऊस, फुगे आणि उपग्रह

घरच्या गच्चीवरचे हवामान केंद्र एपीआरएसला जोडण्याची प्रथा जुनी आहे. वाऱ्याची दिशा व वेग, तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि पाऊस असे सगळे एका पॅकेटात जाते. अमेरिकेतील नागरी हवामान निरीक्षकांचा उपक्रम याच जाळ्यातून उभा राहिला आणि त्यातली माहिती तिथल्या सरकारी हवामान यंत्रणेपर्यंत पोचते. पॅकेटातली मापे मात्र अमेरिकन आहेत: तापमान फॅरेनहाइटमध्ये, पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात, आणि चोवीस तासांच्या पावसाला तीनच अंक. म्हणजे कमाल ९.९९ इंच, सुमारे २५४ मिलिमीटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो आकडा या तीन अंकांत बसला नसता. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या केंद्राने म्हणून तासाभराच्या पावसाचा आकडा जपून पाठवायला हवा.

शाळा-महाविद्यालयांचे अवकाशफुगे हा दुसरा मोठा वापर. तीस किलोमीटर उंचीवरच्या फुग्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे सातशे किलोमीटर असते. त्याचे पॅकेट एकाच वेळी अनेक आयगेट ऐकतात आणि फुगा फुटून उपकरण कुठे उतरले, ते शोधणे सोपे जाते. इतक्या उंचीवरून दोन उड्या मागणे मात्र गैर, कारण शेकडो किलोमीटरमधले सगळे डिजिपीटर एकदम बोलू लागतात. फुग्यासाठी एक उडी किंवा शून्य पुरते.

त्याहून वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आहे. त्यावरचा डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर काम करतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि एका ठिकाणाहून जास्तीत जास्त दहा मिनिटे दिसते, पण त्या वेळात त्याच्या खालच्या सुमारे २,२०० किलोमीटर त्रिज्येतले कोणतेही दोन हॅम त्याच्यामार्फत एकमेकांना पॅकेट पाठवू शकतात. जमिनीवरचे आयगेट ही पॅकेटेही ऐकून इंटरनेटवर चढवतात. ब्रुनिंगा यांच्या मार्गदर्शनाखाली नौदल अकादमीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला पीसीसॅट हा एपीआरएसचा उपग्रह २००१ मध्ये उडाला. भारतानेही यात वाटा उचलला आहे. १ एप्रिल २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी४५ चा चौथा टप्पा इस्रोने कक्षेत प्रयोगांसाठी वापरात ठेवला. त्यावरच्या तीन उपकरणांपैकी एक ॲमसॅट-इंडिया या हौशी संस्थेचे एपीआरएस उपकरण होते.

भारतात प्रक्षेपणासाठी

ऐकायला कोणाची आडकाठी नसली तरी प्रक्षेपणाला परवाना लागतो. भारतात तो केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. वय किमान १२ वर्षे हवे आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मर्यादित श्रेणीला मोर्सची परीक्षा नसते. या श्रेणीची कॉल साइन व्हीयू-३ ने सुरू होते, सर्वसाधारण श्रेणीची व्हीयू-२ ने. हॅमसाठी राखलेले दोन पट्टे इथे महत्त्वाचे: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. अलीकडे एपीआरएससाठी लोरा हे कमी शक्तीत दूर जाणारे तंत्र लोकप्रिय झाले आहे. त्याचे युरोपातले नेहमीचे ठिकाण ४३३.७७५ मेगाहर्ट्झ. तयार मिळणारे संच त्यावरच लावलेले असतात आणि ती वारंवारता भारताच्या हॅम पट्ट्याबाहेर पडते. संच चालू करण्याआधी ती बदलावी लागते. हौशी रेडिओचा धंद्यासाठी वापर सगळीकडेच निषिद्ध असल्याने ट्रक किंवा टॅक्सीच्या ताफ्याला एपीआरएस लावता येत नाही.

भारतातल्या हॅम मंडळींनी आपत्तीत केलेले काम मोठे आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे संपर्काला ते धावले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचे हॅम पथक अंदमानात होते आणि तुटलेल्या बेटांचा निरोप त्यांनी बाहेर पोचवला. ही कामे मुख्यतः आवाजाने झाली. एपीआरएस अशा वेळी आवाजाचा भार हलका करते. छावणी कुठे आहे, औषधे कुठे आली आहेत, कोणता पूल बंद आहे, हे एकेका खुणेच्या रूपात नकाशावर ठेवले की प्रत्येकाला वारंवार विचारत बसावे लागत नाही. त्यासाठी जाळे आधीपासून चालू हवे. संकटाच्या दिवशी डिजिपीटर चढवायला डोंगरावर कोणी जाऊ शकत नाही.

मर्यादा आणि जबाबदारी

एपीआरएसवर पाठवलेले ठिकाण खासगी राहत नाही. ते रेडिओवर उघडे असते आणि आयगेटमुळे संकेतस्थळांवर दीर्घकाळ साठते. घर, रोजची वाट आणि घर रिकामे असण्याची वेळ त्यातून कळू शकते. नियमावलीत यावर सोय आहे. अक्षांश-रेखांशाचे शेवटचे अंक मोकळे सोडले की ठिकाण दोन-चार किंवा वीस किलोमीटरच्या पट्ट्यापुरतेच सांगितले जाते. घराच्या परिसरात संच बंद ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग.

स्मार्टफोनवरच्या ॲपमधून थेट इंटरनेटवर ठिकाण पाठवता येते आणि नकाशावर तोही ठिपका रेडिओच्या ठिपक्यासारखाच दिसतो. त्याच्या मार्गात ‘टीसीपीआयपी’ अशी नोंद असते. मोबाइलची रेंज गेली की तो ठिपका थांबतो. नकाशा पाहून शोधपथक पाठवायचे असेल तर हा फरक आधी तपासावा लागतो.

आयगेट सुरू करणाऱ्याने काही गोष्टी पक्क्या कराव्यात. ॲन्टेनाची उंची, स्वच्छ ऐकणारा संच, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणि दुतर्फा काम करायचे असेल तर परवान्याच्या अटींची पूर्तता. स्वतःचे ठिकाण अर्ध्या तासाने एकदा सांगितले तरी पुरते. परिसरात आधीच चार आयगेट असतील तर पाचव्याने फारसे काही वाढत नाही. पण ज्या खोऱ्यातून आजवर एकही पॅकेट बाहेर आलेले नाही, तिथे एका गच्चीवरची एक ॲन्टेना सगळ्या खोऱ्याला जाळ्यात आणते. इंटरनेट बंद पडले, तरी त्याच गच्चीवरून डिजिपीटर चालवून शेजारपाजारच्या हॅमना एकमेकांचा ठावठिकाणा कळवत राहता येते.